गाणं करणाऱ्या लेकीला कोणता संगणक?

प्रश्न : माझी मुलगी अमरावतीला बी.एस्सी. करते. आम्ही अकोल्याचे. लहानपणापासून ती भजनी मंडळात गाते, खंजिरी चांगली वाजवते. गेल्या वर्षापासून स्वतः चाली बांधते आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून मैत्रिणींना पाठवते. आता तिला संगीतासाठी संगणक हवा आहे. तिची मैत्रीण म्हणते, संगीत करायचं तर मॅकच घे. चुलतभाऊ म्हणतो, विंडोजचा घे आणि उरलेल्या पैशात मोठे स्पीकर आण. आमच्याजवळ सत्तर हजार रुपये आहेत आणि घरात दोन तट पडले आहेत. मले यातलं काहीच समजत नाही. कोणाचं ऐकावं?
– एक पालक, अकोला

उत्तर : आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. सत्तर हजारांत विंडोजचा लॅपटॉप घ्या आणि त्यावर पन्नास हजारांपेक्षा जास्त खर्च करू नका. उरलेल्या वीस हजारांत माइक, ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी डबी) आणि हेडफोन आणा. स्पीकर आत्ता नकोत. म्हणजे पुतण्याचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. मुलीच्या मैत्रिणीचंही चूक नाही, पण तिचा सल्ला वेगळ्या खिशासाठी आणि वेगळ्या कामासाठी आहे.

लॅपटॉप घेताना प्रोसेसरच्या नावापेक्षा दोन गोष्टी काटेकोरपणे बघा. रॅम १६ जीबी हवी आणि एसएसडी निदान ५१२ जीबीची. संगीताच्या सॉफ्टवेअरमधली वाद्यं आपले नमुने रॅममध्ये भरून ठेवतात. ८ जीबी रॅमवर वाद्यं वाढत गेली की आवाज तुटायला लागतो. रॅम पुढे वाढवता येते का, हे दुकानदाराला विचारून घ्या. काही विंडोज लॅपटॉपमध्ये ती सोय असते. आताच्या मॅकबुकमध्ये ती नाही, घेताना जेवढी घेतली तेवढीच शेवटपर्यंत.

डेस्कटॉप तेवढ्याच पैशात जास्त ताकदीचा मिळतो हे खरं. पण तुमची मुलगी अमरावतीला राहते, सुट्टीला बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला येते आणि मंडळाचं भजन अकोल्यातच आहे. तिचं रेकॉर्डिंग दोन्ही गावी होणार. शिवाय मधेच वीज गेली तरी लॅपटॉपवरचं काम वाया जात नाही. तेव्हा लॅपटॉपच.

मॅकचं एवढं नाव मग कशामुळे?

त्याला चाळीस वर्षांचा इतिहास आहे. १९८३ साली मिडी ही पद्धत आली आणि वेगवेगळ्या कंपन्यांची इलेक्ट्रॉनिक वाद्यं एकमेकांशी आणि संगणकाशी बोलू लागली. १९८५च्या अटारी एसटी या संगणकाला मिडीची जोडणी अंगचीच होती, म्हणून क्युबेससारखं सॉफ्टवेअर १९८९ साली आधी त्यावर आलं. अटारी मागे पडला. १९९१ साली प्रो टूल्स हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आलं ते मॅकवर, आणि मोठ्या स्टुडिओंनी मॅक घेतले. तिथं हाताखाली शिकलेल्या पोरांनी पुढे आपल्या स्टुडिओतही मॅकच ठेवले. २००२ साली अ‍ॅपलनं एमॅजिक ही जर्मन कंपनी विकत घेतली आणि तिच्या लॉजिक या सॉफ्टवेअरची विंडोज आवृत्ती बंद केली. ज्यांचं सगळं काम विंडोजवरच्या लॉजिकमध्ये होतं, त्यांच्यापुढे संगणक बदलणं किंवा सॉफ्टवेअर बदलणं एवढेच दोन मार्ग उरले. ए. आर. रहमान लॉजिक वापरतात हे सर्वांना माहीत असल्यामुळे आपल्याकडे या जोडीचं वजन आणखी वाढलं.

दुसऱ्या बाजूला १९९७ साली बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीचं फ्रूटीलूप्स आलं, तेच आजचं एफएल स्टुडिओ. मॅकसाठी त्याची रीतसर आवृत्ती यायला २०१८ साल उजाडलं. तोवरची वीस वर्षं ज्या पोरांच्या घरी साधा विंडोज संगणक होता, त्यांनी त्यावरच हात बसवला. अविची आणि मार्टिन गॅरिक्स या डीजेंची जगभर वाजलेली गाणी याच सॉफ्टवेअरमध्ये घडली. तेव्हा ‘विंडोजवर खरं संगीत होत नाही’ असं कोणी म्हणालं, तर ते मनावर घेऊ नका.

या इतिहासातून घ्यायचा धडा माझ्या मते एकच आहे. संगणक चार-सहा वर्षांत बदलतो. सॉफ्टवेअरवर बसलेला हात मात्र सहजासहजी बदलत नाही. म्हणून आधी सॉफ्टवेअर निवडा, आणि ते मॅक व विंडोज दोन्हींवर चालणारं असू द्या. मग पुढे तिला नोकरीत, शिक्षणात किंवा स्वतःच्या कमाईतून मॅक मिळाला, तर तिचं शिकलेलं सगळं तिच्याबरोबर जाईल.

असं सॉफ्टवेअर कोणतं?

तुमच्या मुलीसारख्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मुलीला मी रीपर सुचवीन. विनॅम्प करणारे जस्टिन फ्रँकेल यांनी ते घडवलं. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, जुन्या संगणकावरही हलकं पडतं. साठ दिवस कसलीही काटछाट न करता वापरून बघता येतं आणि नंतर व्यक्तिगत वापराचा परवाना साठ डॉलरला मिळतो. माणसांचा गळा आणि हातातली वाद्यं रेकॉर्ड करायला ते सोयीचं आहे.

तिचा ओढा ठेक्यांकडे, रीमिक्सकडे असेल तर एफएल स्टुडिओ घ्या. एकदा विकत घेतलं की पुढच्या आवृत्त्या फुकट मिळतात आणि तोच परवाना मॅकवरही चालतो. त्याच्या चाचणी आवृत्तीत एक मेख आहे : काम साठवता येतं, पण विकत घेईपर्यंत ते पुन्हा उघडता येत नाही. हे आधी माहीत असलं म्हणजे महिनाभराच्या मेहनतीचा हिरमोड होत नाही. बर्लिनचं एबलटन लाइव्हही दोन्हीकडे चालतं आणि त्याची छोटी आवृत्ती अनेक ऑडिओ इंटरफेसबरोबर मिळते.

चोरीचं, ‘क्रॅक’ केलेलं सॉफ्टवेअर तिच्या संगणकात घालू देऊ नका. त्यातून व्हायरस येतो, आणि उद्या ती स्वतःच्या गाण्याचे पैसे मागणार आहे. दुसऱ्याच्या कष्टाचे पैसे देण्याची सवय आधीपासूनच असलेली बरी. साठ डॉलर एकदम जमत नसतील तर आर्डोर आणि ट्रॅक्शनचं वेव्हफॉर्म फ्री यांसारखे सरळ मार्ग आहेत.

‘विंडोजवर आवाज उशिरा येतो’, हे कितपत खरं?

तक्रार खरी आहे, पण उपाय असलेली आहे. माइकमध्ये गायलेला आवाज संगणकात जातो, तिथं थोडा थोपवला जातो आणि मग हेडफोनमध्ये परत येतो. या थोपवण्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० नमुने घेत असू आणि बफर १०२४ नमुन्यांचा असेल, तर एकवीस मिलिसेकंद तिथंच जातात, आणि आत येताना व बाहेर पडताना असा दुहेरी उशीर होतो. आवाज हवेतून मिलिसेकंदाला साधारण पस्तीस सेंटिमीटर जातो. म्हणजे एकवीस मिलिसेकंदांचा उशीर हा टाळकरी सात मीटर लांब बसवून भजन म्हणण्यासारखा झाला. ताल सुटणारच. तोच बफर १२८ केला की उशीर पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत येतो, टाळकरी दोन हातांच्या अंतरावर आल्यासारखा.

मॅकमध्ये यासाठीची व्यवस्था, कोअर ऑडिओ, मुळातच आहे. विंडोजमधला आवाजाचा नेहमीचा रस्ता गाणी ऐकण्यासाठी, व्हिडिओ बघण्यासाठी आखलेला आहे, त्यावर हा उशीर जास्त होतो. त्याला वळसा घालणारा रस्ता स्टाइनबर्ग कंपनीनं १९९७ सालीच काढला. त्याचं नाव एसिओ. चांगल्या ऑडिओ इंटरफेसबरोबर कंपनीचा स्वतःचा एसिओ ड्रायव्हर मिळतो. तो उतरवून सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये निवडला की हा प्रश्न बहुतांशी संपतो. दोनशे रुपयांच्या यूएसबी साउंड कार्डाबरोबर असा ड्रायव्हर येत नाही. म्हणून वीस हजारांतला पहिला खर्च इंटरफेसवर करा.

वीस हजारांचं करायचं काय?

आता खंजिरीकडे येतो, कारण तुमच्या पत्रातली मला सर्वांत मोलाची गोष्ट तीच वाटली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या साथीवर गावोगाव भजन नेलं. अकोला जिल्ह्यातले सत्यपाल महाराज सप्तखंजिरी एकटे वाजवून प्रबोधन करतात. हा आपल्या भागाचा आवाज आहे. संगीताच्या सॉफ्टवेअरबरोबर येणारे आवाजांचे साठे बर्लिन, लंडन, कॅलिफोर्नियात तयार होतात. त्यांत पियानो शेकडो सापडतील, तबला-ढोलकही सापडेल, पण तुकडोजी महाराजांच्या मोझरीच्या भजनात ऐकू येते ती खंजिरी तयार मिळायची नाही. मॅक घेतला तरी नाही आणि विंडोज घेतलं तरी नाही. ती तुमच्या मुलीलाच रेकॉर्ड करावी लागेल, आणि त्यासाठी पैसा माइकवर लागेल.

मोबाइलवर खंजिरी दबकी आणि फाटकी का वाटते, तेही समजून घ्या. मोबाइल आवाजाची पातळी आपोआप वर-खाली करतो. कातड्यावर जोराचा ठोका पडला की तो सगळाच आवाज खाली ओढतो आणि त्या ठोक्यामागून येणारी झांजांची छमछम गिळून टाकतो. इंटरफेसवर पातळी हातानं लावता येते. सर्वांत जोराचा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी ती ठेवा. २४ बिटचं रेकॉर्डिंग असेल तर एवढं खाली ठेवूनही बारीक आवाज हरवत नाही. माइक कातड्याच्या अगदी समोर न धरता वीतभर अंतरावर, थोडा तिरपा लावा, म्हणजे ठोका आणि झांज दोन्ही येतील.

त्यानंतर तिला एक काम करायला सांगा. खंजिरीचा एकेक बोल हलका, मध्यम, जोराचा असा वेगवेगळा रेकॉर्ड करायचा, प्रत्येकाचा तुकडा कापून नाव द्यायचं आणि सॉफ्टवेअरमधल्या सॅम्पलरमध्ये भरायचा. तिची स्वतःची खंजिरी कळफलकावर वाजू लागेल. जगातल्या कुठल्याही दुकानात न मिळणारं वाद्य तिच्याजवळ असेल.

माइक डायनॅमिक घ्या. कंडेन्सर माइक नाजूक आवाज सुंदर टिपतो, पण खोलीतला प्रत्येक आवाजही टिपतो. वऱ्हाडात मार्च ते जून घरोघरी कूलर चालतो. त्याची घरघर, पंप आणि पाण्याची टिपटिप कंडेन्सरमध्ये हमखास उतरते. डायनॅमिक माइक तोंडाजवळचं घेतो, लांबचं बरंच सोडून देतो. रेकॉर्डिंगपुरता कूलर आणि पंखा बंद ठेवावाच, म्हणून उन्हाळ्यात पहाटेची वेळ चांगली.

खोली घुमत असेल तर त्यासाठी विकत काही आणू नका. आपला मुलूख कापसाचा आहे. घरातल्या गाद्या आणि रजया गाणाऱ्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना उभ्या करा. दाट भरलेली कापसाची गादी भिंतीवरून परतणारा आवाज चांगला शोषते, पातळ फोमच्या चौकोनी तुकड्यांपेक्षा किती तरी जास्त.

हेडफोन कान पूर्ण झाकणारे घ्या, म्हणजे त्यांतला आवाज माइकमध्ये शिरणार नाही. ब्लूटूथचे नकोत, त्यांत उशीर असतोच. स्पीकर नंतर केव्हाही घेता येतील. न घुमणारी खोली नसेल तर महागडे स्पीकरही खरं ऐकवत नाहीत.

आणि एक वऱ्हाडी घरातली हमखास अडचण : रेकॉर्डिंगमध्ये सतत ‘हूंऽऽ’ असा आवाज येतो. तो बहुतेक वेळा घराच्या अर्थिंगचा दोष असतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. आवाज गेला तर दोष संगणकाचा नाही, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

अकोल्याचा उन्हाळा कोणता संगणक सोसेल?

हा विचार पुण्या-मुंबईच्या सल्ल्यात येत नाही, आपल्याला मात्र करावाच लागतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. अ‍ॅपलनं मॅकबुक वापरण्यासाठी १० ते ३५ अंशांची हवा सांगितली आहे, आणि बहुतेक विंडोज लॅपटॉपची मर्यादाही त्याच्या आसपासच असते. मॅकबुक एअरमध्ये २०२० च्या एम-१ चिपपासून पंखाच नाही. त्यामुळे माइकशेजारी ठेवला तरी तो चकार आवाज करत नाही, हा गाणाऱ्यासाठी मोठाच गुण. पण फार तापला की तो आपला वेग आपणच कमी करतो. बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये पंखा असतो. तो उष्णता काढतो, पण जोरात फिरला की माइकमध्ये ऐकू येतो आणि सोबत धूळही ओढतो. संगणक माइकपासून दोन-तीन हात लांब ठेवा, गादीवर कधीही ठेवू नका, आणि उन्हाळ्याआधी जाणत्या माणसाकडून पंख्याची धूळ काढून घ्या. काम जड झालं तर तयार झालेले ट्रॅक ‘फ्रीझ’ करावेत, म्हणजे प्रोसेसरवरचा भार उतरतो.

खरेदीआधी दुरुस्तीची चौकशीही करा. कंपनीचं अधिकृत केंद्र आपल्या गावात आहे का, की दरवेळी अडीचशे किलोमीटरवरच्या नागपूरला जावं लागेल? परीक्षेच्या आणि कार्यक्रमाच्या दिवसांत यानं फार फरक पडतो.

मग मॅक घ्यावा तरी कधी?

तीन गोष्टी जुळल्या तर अवश्य घ्यावा. पहिली, माइक-इंटरफेसचे पैसे बाजूला काढूनही मॅकचे पैसे उरत असतील. एम-४ चिपचा मॅकबुक एअर मार्च २०२५ मध्ये भारतात ९९,९०० रुपयांना आला. विद्यार्थ्यांना त्यात सवलत मिळते, तरी तुमच्या सत्तर हजारांत तो बसत नाही. दुसरी, ज्यांच्याबरोबर ती काम करणार किंवा जिथं शिकणार, तिथं लॉजिक वापरत असतील. लॉजिकमधलं काम विंडोजवर उघडतच नाही, त्यामुळे गुरू एकीकडे आणि शिष्य दुसरीकडे असं होऊन चालत नाही. तिसरी, कॉलेजच्या अभ्यासाला विंडोजचंच सॉफ्टवेअर लागत नसावं. यंत्र-अभियांत्रिकीची मुलं वापरतात ते सॉलिडवर्क्स फक्त विंडोजवर चालतं. दिवसा इंजिनिअरिंग आणि रात्री गाणं करणाऱ्या मुलानं हे आधी बघावं. बी.एस्सी.साठीही कोणतं सॉफ्टवेअर लागतं, ते विभागात विचारून घ्या.

तिन्ही जुळत असतील तर मॅकमध्ये फायदे खरेच आहेत. गॅरेजबँड फुकट मिळतं, ड्रायव्हरची कटकट जवळजवळ नसते आणि लॉजिक एकरकमी पैशात मिळून पुढे वर्षानुवर्षं चालतं. पण कर्ज काढून किंवा माइकचा पैसा मोडून मॅक घेणं मला पटत नाही.

प्रश्न : भावाचा जुना लॅपटॉप घरी पडून आहे. त्यावर संगीत शिकायला सुरुवात करता येईल का? की बाजारात स्वस्त मिळणारा जुना मॅक घेऊ?
– एक विद्यार्थी, अमरावती

उत्तर : घरचा लॅपटॉप आधी वापरा. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ फार जुन्या प्रोसेसरवर चढत नाही. अशा संगणकावर उबुंटू स्टुडिओ ही लिनक्सची संगीतासाठी तयार केलेली आवृत्ती फुकट टाकता येते. आर्डोर त्यात चालतं, रीपरही चालतं. वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालणारा, ‘क्लास कम्प्लायंट’ लिहिलेला इंटरफेस घ्या. प्रसिद्ध कंपन्यांचे, सॉफ्टवेअरला जोडायचे अनेक प्लगइन लिनक्सवर चालत नाहीत, पण रेकॉर्डिंग, कापणं-जोडणं आणि मिक्सिंग शिकायला काही अडत नाही.

जुना मॅक घ्यायचाच तर इंटेल प्रोसेसरचा घेऊ नका. मॅकओएस २६ ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती असल्याचं अ‍ॅपलनं जाहीर केलं आहे. २०२० च्या एम-१ पासून पुढचाच बघा, आणि बॅटरीची अवस्था तपासूनच पैसे द्या.

प्रश्न : माझ्याकडे विंडोज आहे, जोडीदाराकडे मॅक. दोघांनी मिळून गाणं कसं करावं?
– एक वाचक, मूर्तिजापूर

उत्तर : दोघांचं सॉफ्टवेअर एक असेल तर प्रोजेक्टची फाइलच पाठवता येते, फक्त प्लगइनही दोघांकडे सारखे हवेत. सॉफ्टवेअर वेगळं असेल तर ‘स्टेम’ पाठवा : गळा, खंजिरी, पेटी, बास असा प्रत्येक ट्रॅक वेगळा, वेव्ह फाइलमध्ये, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटमध्ये. सगळे ट्रॅक गाण्याच्या शून्य सेकंदापासूनच सुरू करा, मधली शांतता कापू नका, म्हणजे समोरच्याला ते नुसते एकाखाली एक मांडले की जुळतात. लय मिनिटाला किती बीट्सची आहे आणि सूर काळी दोन की पांढरी चार, हे फाइलच्या नावातच लिहा. अशा एका मोनो ट्रॅकला मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास जागा लागते. दहा ट्रॅकचं पाच मिनिटांचं गाणं सव्वाचारशे एमबीच्या वर जातं, म्हणून ते हार्ड डिस्कवर देणं सोयीचं. ती एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट करा. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवरचं मॅकला वाचता येतं, पण त्यावर लिहिता येत नाही.

पुन्हा अकोल्याच्या पालकांना : पैसे मोजण्याआधी घरातल्या किंवा पुतण्याच्या संगणकावर रीपरची साठ दिवसांची चाचणी सुरू करा आणि मुलीला त्यात एक गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण करायला सांगा. चाल तिची, गळा तिचा, खंजिरी तिची. ते गाणं पूर्ण करताना संगणक कुठं अडला आणि माइक कुठं कमी पडला, याची यादी तिच्याच हाताने होईल. ती यादी घेऊन दुकानात जा, तिला सोबत न्या आणि बोलू तिलाच द्या.